बुडबुडे नसलेला फोटो

१ डिसेंबर २०२४, रविवार

काल मालवणहून परत आलो. आजपासून रोजनिशी. वय एक्कावन्न, सर्टिफाइड स्कूबा डायव्हर. सोलापुरात असा दुसरा कोणी असेल असं वाटत नाही. (चौकशी केलेली नाही.)

चार दिवसांचा कोर्स होता. लेखी परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस. जे सात चुकले ते प्रश्नच संदिग्ध होते. शिकवणारा पृथ्वीराज नावाचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण. निरोप देताना म्हणाला, सर, निदान पन्नास डाइव्ह होईपर्यंत पाण्याखाली कॅमेरा नेऊ नका. सव्वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला हे सांगणं! वाद घातला नाही. तरुण आहे.

प्रोजेक्ट ठरला. नाव: 'तळातलं सोलापूर'. लोकांना वाटतं सोलापूर म्हणजे ऊन, चादरी आणि टँकर. मी दाखवणार विहिरीचा तळ. खडकाच्या फटीतून जिवंत झरा वर येतो ती नेमकी जागा. बारा विहिरी, चाळीस फोटो. पुण्याला मार्चमध्ये 'पाणी' या विषयावर मोठं प्रदर्शन आहे. फोटो पाठवायची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. तीन महिने. भरपूर झाले.

बायकोला, श्रीदेवीला, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, स्टुडिओतला बेसिनचा नळ आठ दिवस गळतोय, तो आधी बघा.

५ डिसेंबर, गुरुवार

कॅमेऱ्याची पाणबंद पेटी आली. गच्चीवरच्या पिंपात बुडवून टेस्ट. पाण्याखाली बटणं दिसतात का हे बघायला मलाही डोकं पिंपात घालावं लागलं. नेमकी तेव्हाच संस्कृती कपडे वाळत घालायला आली आणि किंचाळली.

संस्कृती म्हणजे माझी मुलगी. स्टुडिओ आता तीच बघते. लग्नाचे फोटो तीच काढते, ड्रोन तीच उडवते. माझ्याकडे पासपोर्ट फोटो आहेत. म्हणजे मीच मागून घेतले, तिचा भार हलका व्हावा म्हणून.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. खूप हळू आवाजात विचारलं, अप्पा, तुम्हाला स्टुडिओत काही कमी वाटतंय का? मी हसलो. पेटीत एक थेंबही पाणी शिरलेलं नाही हे तिला दाखवलं.

११ डिसेंबर, बुधवार

हवेच्या टाक्या सोलापुरात भरून मिळत नाहीत. पुण्याहून दोन भाड्याने मागवल्या. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने स्टँडवर उतरवून देताना विचारलं, यात काय हाय? म्हटलं, हवा. म्हणाला, पुण्यावनं हवा आणताय? सोलापुरातली संपली व्हय? पॅसेंजर हसले. मीही हसलो. अज्ञानावर रागावण्यात अर्थ नसतो.

रविवारी पहिली विहीर. ठिकाण सासुरवाडी.

१५ डिसेंबर, रविवार

सासुरवाडी अक्कलकोटच्या पुढे, अगदी कर्नाटकच्या हद्दीला टेकलेली. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. विहीर श्रीदेवीच्या माहेरची, काळ्या खडकात खोदलेली, चाळीस फूट रुंद. यंदा पाऊस चांगला झाल्यामुळे पाणीही चाळीस फूट.

विहीर आता तिप्पण्णाकडे. श्रीदेवीचा धाकटा भाऊ, वय चव्वेचाळीस. शेती करतो. शिवाय आसपासच्या पाच गावांत पंपाच्या पाइपाची तळातली झडप गाळात अडकली की यालाच बोलावणं येतं. त्या झडपेला इकडे सगळे फुटबॉल म्हणतात. हा एका दमात खाली जातो, चाचपून ती मोकळी करतो आणि वर येतो. ना चष्मा, ना टाकी. हौशी पातळीवर कौतुकास्पद.

डाइव्हबद्दल: मालवणच्या समुद्रात कमरेला सहा किलो शिसं बांधायचो, तेवढंच बांधलं. गोड्या पाण्यात कमी लागतं असं पुस्तकात कुठेतरी आहे. पायरीवरून पाय सोडला तो थेट तळाला. जलद उतरण झाली. तळाला गुडघाभर गाळ. त्यानंतर मला माझा हातही दिसला नाही. एकूण वेळ सहा मिनिटं, फोटो शून्य. पण पाहणी उत्तम झाली.

वर आलो तर विहिरीचं पाणी चहासारखं. तिप्पण्णाची बायको निंगव्वा पायरीवर रिकामी घागर घेऊन उभी. घरात प्यायला याच विहिरीचं पाणी असतं. ती घागर घेऊन परत गेली.

डावा कान दुखतोय. प्रवासाचं वारं लागलं असणार.

१७ डिसेंबर, मंगळवार

तिप्पण्णाचा फोन. पाणी अजून निवळलेलं नाही, शेजाऱ्यांच्या बोअरवरून आणतायत. तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं म्हणाला. मीही सहजच सांगितलं की गाळ विहिरीचाच आहे, मी काही सोलापूरहून नेला नव्हता.

घरात सगळे हल्ली पुटपुटल्यासारखं बोलतात. कोणी कान देऊन ऐकत नाही, तसं कोणी तोंड उघडून बोलतही नाही.

२२ डिसेंबर, रविवार

दुसरी डाइव्ह. शिसं निम्मं केलं. या वेळी हळू उतरलो. एकशे बारा फोटो. एकशे बाराही हिरवे. नुसते हिरवे.

पायरीवर ओले कपडे पिळत बसलो होतो तेव्हा तिप्पण्णा शेजारी येऊन टेकला. म्हणाला, दाजी, झरा उत्तरंच्या भिंतीच्या बुडाला हाय. हाताला एकदम गार लागतंय बघा. तितं जाऊन पाय न हालवता नुसतं थांबायचं. तुमी लई हालताय. पाणी भितंय.

पाणी भितं! वाक्य चांगलं आहे, प्रदर्शनाच्या कॅप्शनला चालेल. मात्र पाय कसे हलवायचे हे मी सर्टिफाइड माणसाकडून शिकलो आहे.

१ जानेवारी २०२५, बुधवार

नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे पाचला उठून श्वासाचे व्यायाम. भात बंद. दर रविवारी एक विहीर, काहीही झालं तरी. श्रीदेवीशी चिडून बोलायचं नाही. नळ.

आज आठला उठलो. काल सोसायटीत कार्यक्रम होता.

५ जानेवारी, रविवार

विहीर रद्द. कारणं: सर्दी. टाक्या रिकाम्या. शिवाय बारा विहिरी हा आकडा आता बालिश वाटतो. एकाच विहिरीत खोल जाणं हेच खऱ्या कलावंताचं काम. प्रोजेक्टचं नवं नाव: 'एक विहीर'.

१३ जानेवारी, सोमवार

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा. स्टुडिओत मरणाची गर्दी. संस्कृतीने मदतीला बोलावलं म्हणून काउंटरवर बसलो. एक बाई दोन लेकरांना नटवून फोटोला घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ताई नाहीत का? मग आम्ही थांबतो.

थांबल्या. पाऊण तास. मी समोर बसून होतो.

घरी येऊन प्रदर्शनाचा ऑनलाइन फॉर्म भरून टाकला. फोटोंची संख्या एक. आता मागे फिरणं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दु. ३. आज झालं ते जसंच्या तसं लिहायला हवं.

चार आठवडे विहिरीत कोणी उतरलं नव्हतं. पाणी काचेसारखं. मोटार बंद करून ठेवली होती. या वेळी मी पाय हलवले नाहीत. (स्वतःच ठरवलं.) उत्तरेच्या भिंतीच्या बुडाशी गेलो आणि गुडघ्यावर बसून राहिलो. साडेबाराच्या पुढे तिरकं ऊन थेट त्या कोपऱ्यापर्यंत पोचलं. खडकात वीतभर फट. तिच्यातून पाणी वर येत होतं आणि त्या पाण्यावर बारीक खडे नाचत होते. वर उडायचे, खाली यायचे, परत वर. आवाज नाही काही नाही. किती वेळ बघत होतो कोण जाणे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा पाहिलं, त्यानंतर असं काही पाहिलेलं आठवत नाही.

एकूण साठ फोटो घेतले.

संध्या. ६. लेन्सवरचं झाकण पेटीत घालण्यापूर्वी काढायचं राहिलं होतं. पेटी बनवणाऱ्यांनी तशी सूचना ठळक छापायला हवी. साठही काळे.

२५ जानेवारी, शनिवार

विचार केला. झाकण राहिलं ते एका अर्थी बरंच झालं. नुसता झरा फोटोत लहान दिसला असता. त्याच्याजवळ माणूस हवा, म्हणजे आकार कळतो. आणि माणूस घरचाच आहे.

अडचण एकच. तिप्पण्णा एका दमात तळाशी जेमतेम चाळीस सेकंद टिकतो. तेवढ्यात माझा फोकस होत नाही. उपाय: माझ्या टाकीला तोंडात धरायची जादा नळी आहेच. खाली आला की त्याला तीतून दोन दम द्यायचे. मग तो आरामात मिनिट-दोन मिनिटं बसेल. साधी गोष्ट.

तिप्पण्णा फोनवर म्हणाला, जमंल की दाजी. तुमी म्हणताय तर करू.

श्रीदेवीने विचारलं, त्याला काही होणार नाही ना? सांगितलं, दुसऱ्याला आपली हवा देणं मालवणला दुसऱ्याच दिवशी शिकवतात. हे शंभर टक्के खरं आहे.

२६ जानेवारी, रविवार

संध्या. ५. सोलापूर. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर.

जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

१२.३८ ला तिप्पण्णा खाली आला. ठरल्याप्रमाणे झऱ्याजवळ बसला. मी नळी त्याच्या तोंडात दिली. त्याने एक दम घेतला. मग आणखी एक, मोठा. मी फोटो घेत होतो. त्याने नळी सोडली, मिनिटभर बसला, मग खडकाला पाय लावला आणि वर सुटला, नेहमी सुटतो तसा.

मी चार-पाच मिनिटांनी वर आलो. माझी हवा शिल्लक होती.

तो पायरीवर छाती धरून बसला होता. खोकत होता. थुंकीत रक्त. बोलायला गेला तर आवाज नाकातून आल्यासारखा. मान सुजत चाललेली. निंगव्वाने मानेला हात लावला आणि घाबरून मागे घेतला. म्हणाली, कातडीखाली करकर वाजतंय. डावा हात उचलेना.

गाडी मी चालवली. एवढ्या वेगाने कधी चालवली नव्हती. मागच्या सीटवर निंगव्वा सारखी एकच गोष्ट कन्नडमध्ये म्हणत होती, मला अर्थ कळत होता. श्वास घ्या, श्वास घ्या.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, विहिरीत पोहत होता, पायरीवर आपटला असेल.

'असेल' म्हणालो. खोटं नाही. शक्यता सांगितली.

२७ जानेवारी, सोमवार

डावं फुप्फुस फाटून हवा बाहेर पसरली आहे. छातीत नळी घातली. ती कालच घातली. हाताचं कारण मात्र सापडेना. मानेला मार बसला असेल म्हणून स्कॅन केला. मार कुठेच नाही. दम रोखून पोहणाऱ्या माणसाचं फुप्फुस असं फाटत नाही, असं डॉक्टर मॅडम दुसऱ्या डॉक्टरांशी बोलत होत्या. मी दाराशीच होतो.

सकाळी तिप्पण्णाला थोडं बोलता यायला लागलं. राउंडला त्याने सांगून टाकलं. दाजींच्या टाकीतला दम घेतला म्हणून. वर सांगितलं, मीच मागितला, त्यांनी आपणहून न्हाय दिला. निंगव्वा तिथेच उभी होती.

डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. चाळीस फुटांखाली टाकीतून घेतलेला दम वर येईपर्यंत दुपटीहून मोठा होतो, म्हणाल्या. तोंड उघडं ठेवून तो सोडत यावं लागतं. या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट केली आहे, वर येईपर्यंत तोंड घट्ट मिटून ठेवायचं. त्याला कोणी सांगितलं नाही? तुम्हाला कोणी शिकवलं नाही?

मी म्हणालो, कोर्स फार घाईत झाला.

मग म्हणाल्या, हवेचे बुडबुडे रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचतात, हात त्यामुळे गेला असणार. काल सांगितलं असतं तर काल दुपारपासूनच पूर्ण ऑक्सिजन चालू केला असता. दाबाखाली ऑक्सिजन देणारी खोली असते, तिथे कुठे हलवायचं तेही तेव्हाच बघितलं असतं. त्यांनी मुंबईच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. मी तिथेच उभा होतो. फोनवर त्या तीनदा 'चोवीस तास' म्हणाल्या. चोवीस झाले नव्हते. बावीसच झाले होते.

२८ जानेवारी, मंगळवार

श्रीदेवी रागावली की कन्नडमध्ये बोलते. लग्नापासून तसंच आहे. आज कन्नडमध्येही बोलली नाही.

डबा मात्र दिला. भाकरी, शेंगाचटणी. हॉस्पिटलमध्ये निंगव्वाने त्यातली अर्धी भाकरी माझ्याच हातात ठेवली. खाल्ली.

३१ जानेवारी, शुक्रवार

पृथ्वीराजला मेसेज केला. सविस्तर. पाण्याचं तापमान, दृश्यता, टाकीतला दाब, तिप्पण्णाचा अनुभव, त्याची स्वतःची इच्छा, सगळं मांडलं. एखाद्या तज्ज्ञाने तटस्थपणे बघावं असा हेतू होता. कोर्समधल्या काही उणिवाही नम्रपणे दाखवून दिल्या.

दहा मिनिटांत उत्तर आलं. एकच ओळ. सर, ते वर जात होते तेव्हा तोंडातून बुडबुडे येत होते का, तेवढंच सांगा.

इकडे नेटवर्क फार खराब आहे. नंतर उत्तर देईन.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिप्पण्णाला घरी सोडलं. फुप्फुस भरून आलं. चालतो, जेवतो. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट अजून मिटत नाहीत. तो डावखुरा आहे. डॉक्टर मॅडमनी व्यायाम दिलेत, सुधारेल म्हणाल्या, किती ते सांगता येत नाही म्हणाल्या. पाण्याखाली मात्र पुन्हा कधीच जायचं नाही. श्वास रोखून तर नाहीच नाही.

कधीच म्हंजे? तिप्पण्णाने विचारलं. त्यांनी परत सांगितलं, कधीच. तो हसला. लहान मुलाला दुकान बंद झालंय म्हणून सांगितल्यावर ते कसं बंद दाराकडे बघत राहतं, तसा बघत होता. मग म्हणाला, बरं.

गाडीत मी त्याला म्हणालो, आता तू शेतीकडे नीट लक्ष दे, ते एका परीने बरंच आहे. त्याने व्हय म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेऱ्यातलं कार्ड आज उघडलं. वेळच मिळाला नव्हता.

झऱ्याजवळ बसलेला तिप्पण्णा. अठरा फोटो. सगळे हललेले. एकोणिसावा वेगळा आहे.

त्यात झरा नाही. मी खालून वर काढलेला आहे. विहिरीचं गोल तोंड चंद्रासारखं पांढरं, त्यात वरच्या बाभळीची एक फांदी. आणि त्या पांढऱ्या गोलाकडे सरळ निघालेला माणूस, हात अंगाला चिकटलेले, चेहरा वळून थोडा बाजूला. तळपाय माझ्याकडे. उन्हाच्या रेघा त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली येतायत. एवढा स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.

संस्कृतीला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली. अप्पा, हा तुम्ही काढलाय? तिने असं विचारलं याला किती वर्षं झाली असतील.

मग स्क्रीनवर आणखी मोठा करून बघितला. म्हणाली, बुडबुडे कसे नाहीत एकही?

उजेडाच्या कोनामुळे, असं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, स्क्रीनकडे नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस विचार करून निर्णय घेतला आहे. हा फोटो पुण्याला पाठवायचा. माझ्यासाठी नाही. तिप्पण्णासाठी. एवढी वर्षं पाच गावांचं पाणी ज्याने चालू ठेवलं त्याला कोणी पाहिलं तरी आहे का? फोटोचं नाव: 'पाण्याचा माणूस'. हा त्याचा सन्मान आहे. कोणाच्या जखमेवर याहून चांगली फुंकर काय घालणार?

नियमानुसार फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. फॉर्म प्रिंट केला. श्रीदेवीला सांगितलं. तिने फॉर्म पूर्ण वाचला, घडी घातली, आणि म्हणाली, मी पण येते.

या तीन आठवड्यांतलं तिचं हे सर्वात मोठं वाक्य. म्हणजे तिलाही पटलं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सासुरवाडीला जाऊन आलो.

पोचलो तेव्हा दारात एक मोटारसायकल होती. पलीकडच्या गावचा हरिबा म्हणून शेतकरी, त्याच्या विहिरीतला फुटबॉल अडकलाय, दोन दिवस हरभऱ्याला पाणी नाही. तिप्पण्णाला न्यायला आला होता. तिप्पण्णा त्याला कट्ट्यावर बसवून समजावत होता. हात घालायचा तो उजव्या अंगानं, पाइपाच्या मागनं. आधी दगड सापडंल, तो हालवू नका. वर येताना घाई करायची न्हाय. हरिबा मान हलवत होता. शेवटी म्हणाला, पण तुमीच आला असता तर. तिप्पण्णाने डावा हात त्याला दाखवला. हरिबा गाडीला किक मारून गेला.

मग मी बोललो. प्रदर्शन काय असतं, किती लोक येतात, फोटो केवढा मोठा लावतात. ठरवून गेलो होतो ते सगळं बोललो. लॅपटॉप उघडून फोटो समोर ठेवला.

तिप्पण्णा पुढे वाकला. खुशीत म्हणाला, हे खालनं असं दिसतंय व्हय? मी खाली डोळं मिटूनच असतो की दाजी. उघडून करायचं काय, हाताला कळतंय.

निंगव्वा त्याच्या मागे उभी होती. पदराला हात पुसून ती जवळ आली. इतक्या वर्षांत तिने फक्त त्याला आत जाताना आणि डोकं वर काढताना पाहिलं असणार. मधलं कधीच नाही. खूप वेळ बघितलं.

विचारलं, हे वर येतायत न्हवं?

हो म्हटलं.

त्याच दिवशीचं?

हो.

मग तुमी खाली होता. हितं. तिने स्क्रीनच्या खालच्या कडेला बोट टेकवलं.

हो म्हटलं.

ती मला म्हणाली, पाय लई जवळ हायत की, अण्णा. धरता आले असते.

रागाने नाही म्हणाली. भाजीत मीठ जास्त झालं असतं तर जशी म्हणाली असती तशी. पाण्याखाली वस्तू असतात त्याहून जवळ दिसतात, हे शास्त्र सांगायला मी तोंड उघडलं. पण माझी लेन्स वाइड होती. वाइड लेन्समध्ये वस्तू असतात त्याहून दूर दिसतात. म्हणजे पाय फोटोत दिसतात त्यापेक्षा जवळच होते. नाही सांगितलं.

श्रीदेवी भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिप्पण्णाच म्हणाला, द्या, कुटं सही करायची? पेन डाव्या हातात घेतलं. ते पडलं. उचलून परत धरलं, परत पडलं. तिसऱ्यांदा त्याने उजव्या हाताने पेन डाव्या बोटांत खोवलं आणि कागदावर टेकवलं. 'ति' काढायला गेला, नुसती रेघ आली. हसला. म्हणाला, शाळा सुटल्यावर सही तेवढी राहिली होती, ती पण गेली बघा.

निंगव्वा म्हणाली, अंगठा घ्या की.

माझ्या बॅगेत शाईचा पॅड असतो. स्टुडिओत फॉर्म भरून द्यायची सवय. पुरुषांचा डावा अंगठा. तो त्याला स्वतःला दाबता येईना, म्हणून मी धरला. पॅडवर टेकवला, कागदावर आणला, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरवला. एवढ्या जाड कातड्याचा हात मी आजवर धरला नव्हता. त्याचा अंगठा माझ्या हातात अगदी सैल होता. मी नेईन तिकडे येत होता.

परतीच्या वाटेवर फॉर्म श्रीदेवीच्या मांडीवर होता. सोलापूर येईपर्यंत तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, शाई ओली असल्यासारखा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्या. ६. आज शेवटची तारीख. संस्कृतीने फॉर्म स्कॅन करून फोटोबरोबर जोडून ठेवला आहे. एक बटण दाबायचं बाकी आहे.

दुपारी मी एकटा बसून फोटो मोठा करून पाहिला. चेहरा थोडा वळलेला आहे ना, त्यामुळे तोंड दिसतं. ओठ घट्ट मिटलेले. गाल फुगलेले. बुडबुडा एकही नाही.

हे मला आज दिसलेलं नाही. तेव्हाच दिसलं होतं. पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आठवलीही होती. हात लांब केला असता तर घोटा हातात आला असता. पण मागे तो पांढरा गोल होता, फांदी होती, ऊन बरोबर पडलं होतं. मी बटण दाबलं.

पृथ्वीराजला उत्तर पाठवलं. नव्हते, एवढंच.

मघाशी संस्कृतीने आत येऊन विचारलं, अप्पा, पाठवू ना? मी म्हणालो, राहू दे. ठसा पुसट आलाय, नियमात बसणार नाही.

ती लॅपटॉप बंद करून गेली.

ठसा स्वच्छ आहे. प्रत्येक रेघ मोजता येते.